कोर्बिनियानचा पिंड

शनिवार, ६ सप्टेंबर

आज आलेलं सामान, किमतीसह:

उकडे तांदूळ पाच किलो, हायलब्रॉनच्या आपल्या दुकानातून — साडेतेरा युरो. एवढ्यात वेंगुर्ल्याला अर्धं पोतं आलं असतं.
नारळ दोन — पाच युरो. एक नासका निघाला, म्हणजे एकच पाचाला पडला.
मुगाची डाळ, कणीक, गूळ — अकरा युरो चाळीस.
मासे धरायचा परवाना, ह्यांच्या नावाचा — प्रणव किंमत सांगेना, पावती फाडून टाकली. मी तुकडे जुळवले: बहात्तर. एकही मासा मिळाला नाही तरी परत नाहीत.
काळे तीळ, दर्भ, सोलं, तिरफळं — घरून आणलेली, खर्च नाही.
लाल होडी एक, वल्ही दोन — घराबरोबर आली, फुकट.

प्रवास सुखरूप झाला, सातेरी देवीची कृपा. सून देवश्री म्हणाली, आई, इथे तरी हिशेब नका लिहू. मी म्हटलं, बाळा, हिशेब लिहिले म्हणून तुझा नवरा इंजिनीअर झाला. हे हसले. ह्यांचं हसू पुष्कळ दिवसांनी ऐकलं. मागच्या वर्षी बायपास झाल्यापासून आमचे हे नुसते खुर्चीत बसून असतात. सहकारी बँकेतली नोकरी कधीच संपली, आणि खाडीवर गरी टाकायला एकटं पाठवायचा मला धीर होत नाही. म्हणून प्रणवने नेकारसुल्मच्या त्याच्या फ्लॅटऐवजी आम्हाला तीन आठवडे इथे आणून ठेवलं आहे: बव्हेरियाच्या डोंगरात, तळ्याच्या काठी, लाकडी घरात. मुलं उद्या संध्याकाळी परत जातील, कारण नातीची शाळा सुरू व्हायची आहे. वीस तारखेला शनिवारी पुन्हा येतील.

नात अन्वी सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. प्रत्येक गोष्टीला 'जा, जा' म्हणते, म्हणजे 'हो, हो'. मला आधी वाटलं हाकलतेय.

तळं इतकं स्वच्छ आहे की काठावरून तळातले दगड मोजता येतात. पलीकडे डोंगर, वर थोडा बर्फ. गाईंच्या गळ्यात मोठ्या घंटा. त्यांच्या आवाजात सकाळची पूजा छान झाली. देव मी कपाटाच्या वरच्या खणात मांडले आहेत.

रविवार, ७ सप्टेंबर

आज पौर्णिमा. उद्यापासून पितृपक्ष.

घराची मालकीण फ्राउ श्टाडलर वाटेपलीकडच्या घरात एकटी राहते. माझ्याच वयाची, सदुसष्टची. हाडापेराने मजबूत, तीन शेळ्या पाळते. बोलणं मोबाइलमधल्या भाषांतराने होतं, त्याला रेंज लागत नाही. ती त्यात जर्मन बोलते, तो मराठीत बोलून दाखवतो, बातम्या दिल्यासारखा.

सकाळी प्रणव आणि हे होडीतून गेले. होडी लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. हिला कानू म्हणतात. ट्राउट मिळाला. मासा देखणा. अंगावर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, कुणी बसून काढल्यासारखं.

मग इथला कायदा कळला. माप ठरलेलं आहे. मासा लाकडी पट्टीवर ठेवायचा. मापाला कमी असेल तर सोडून द्यायचा, आणि मापात बसला तर सोडायचा नाही, सोडणं हाच गुन्हा. आधी सोट्याने डोक्यावर एक फटका, मग सुरीचं टोक हृदयात. फ्राउ श्टाडलरने करून दाखवलं. तिचं म्हणणं, मारून खायचा असेल तरच धरा, जिवाशी खेळ नको. मला हे पटलं. आपल्याकडे टोपलीत तडफडत ठेवतात.

पण ह्यांना ते जमेना. दुसऱ्या माशाला मारलेला फटका घसरला, मासा होडीत उड्या मारत राहिला, शेवटी प्रणवने संपवला. ह्यांनी तीनदा हात धुतले. म्हणाले, चाळीस वर्षं नोटा मोजल्या, पण एका नोटेच्या डोक्यात कधी दांडा घातला नाही.

ठरलं असं: पितृपक्ष संपेपर्यंत घरात मासा शिजणार नाही. ह्यांनी धरावा आणि फ्राउ श्टाडलरला द्यावा. मुलं सहाला निघाली. अन्वीने मागच्या काचेतून हात हलवला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज मीही होडीत बसले. हे पुढच्या फळीवर, मी मधल्या, मागची रिकामी. हे चमच्यासारखा चमकता पत्रा लांब फेकतात आणि हळूहळू ओढतात. दोन मासे आले, दोन्ही लहान. ह्यांनी पट्टी न लावताच सोडले. मी म्हटलं, मापून तर बघा. म्हणाले, अगो, बघितलं तर मारावा लागेल.

इथल्या वाटांवर जागोजागी लाकडी क्रूस आहेत. जिथे कुणी घसरून, बुडून मेलं, तिथे त्याचं नाव आणि एक दिवा. मला ही पद्धत फार आवडली. पण तळ्याच्या पूर्वेला, जिथे पाणी काळं दिसतं, तिथे नुसता खांब आहे. क्रूस नाही, दिवा नाही. मी फ्राउ श्टाडलरला विचारलं. तिने मोबाइल जवळ ओढला. मग एवढंच सांगितलं: तिथे एक माणूस पाण्यात गेला, बासष्ट वर्षांपूर्वी. सापडला नाही. नाव कोर्बिनियान. त्याच्यासाठी कुणी दिवा लावत नाही. तुम्हीही लावू नका.

मला वाईट वाटलं. मेल्यावर कसला आलाय राग. बासष्ट वर्षं पाण्यात, आणि कुणी तिलोदकाचा थेंब दिला नाही. नाव विसरू नये म्हणून वहीत लिहून ठेवते: कोर्बिनियान.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज पंचमी, मामंजींची तिथी. काठावरच्या फळ्यांच्या धक्क्यावरच तेवढी मोबाइलला रेंज आहे. तिथे पाट मांडून ह्यांनी श्राद्ध केलं. भास्कर गुरुजी वेंगुर्ल्याहून मोबाइलवर सांगत होते. भाताचे पिंड उत्तम वळले गेले. इथले कावळे पिवळ्या चोचीचे, पण कावळेच; मामंजींच्या पिंडाला लगेच शिवले. ह्यांचे डोळे भरले.

गुरुजींचा फोन संपल्यावर मी ह्यांना म्हटलं, एक धर्मपिंड देऊ या. ज्याचं कुणी नाही त्याला द्यायचा पिंड. आमच्या सासूबाई दर वर्षी देववायच्या. हे म्हणाले, अगो, तो ख्रिश्चन, त्याला आपला भात आवडेल का? मी म्हटलं, भुकेला जात नसते.

नाव होतं. गोत्र नव्हतं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं, हे लहानपणापासून ऐकलेलं आहे. मी पोथीतून वाचलं, ह्यांनी म्हटलं: काश्यपगोत्रोत्पन्न कोर्बिनियान. दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा नीट आलं.

ह्या पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास वाट पाहिली. कावळे सगळे उठून डोंगराकडे गेले. मग आम्ही पिंड होडीतून त्या खांबापाशी नेला आणि पाण्यात सोडला. तो बुडलाच नाही. खालून ट्राउट आले, किती ते मोजता आले नाहीत, पाण्याला उकळी फुटावी तसे. एका शिताचाही माग उरला नाही. पाणी पुन्हा स्तब्ध झालं, आणि होडी मागच्या बाजूने दबली. रिकाम्या फळीवर कुणी जड माणसाने बसावं तशी. ह्यांनी मागे वळून पाहिलं. मीही. फळी ओली होती, बस.

परतताना वल्हं जड लागलं. पण मनाला समाधान वाटलं. किती अतृप्त होता बिचारा.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

हे पहाटेच गेले, मला न उठवता. नऊला सात ट्राउट घेऊन आले. सातही मापात. धक्क्यावर ओळीने मांडले आणि एकेकाला मारलं. एक फटका, एक टोच. एक फटका, एक टोच. एकही फटका घसरला नाही. मी म्हटलं, बराच सराव झाला की.

ह्यांनी हात न धुता चहा घेतला. कपावर रक्त लागलं. कप मी दोनदा घासला.

रविवार, १४ सप्टेंबर

काल लिहिलं नाही, बोटं दुखत होती. क्रमाने लिहिते.

काल अकरा मासे आले. त्यांतला एक ह्यांनी तव्यावर टाकला. मी म्हटलं, पितृपक्ष आहे, घरात देव आहेत. हे ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिले. मी तवा खाली उतरवायला हात घातला, तर ह्यांनी सोटा उचलला आणि माझ्या हातावर मारला. रागाने नाही. माशाला मारतात तसा, नेमका. डाव्या हाताची दोन बोटं निळी पडली आहेत, वळत नाहीत. पंचेचाळीस वर्षांत ह्यांनी माझ्यावर हात उगारलेला नाही. एकदा ताट फेकलं होतं, त्यालाही दोन दिवस माफी मागत होते.

मासा अर्धा कच्चा खाल्ला, काट्यांसकट.

आज तासभर लाकडं फोडली. बायपासच्या माणसाने. मी अडवलं तर जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले. ह्यांना जर्मन येत नाही. 'आल्झो' आणि 'गेनाऊ' एवढे दोन शब्द अन्वीने शिकवले होते, ते म्हणून तिला हसवायचे.

ह्यांचे कपडे सारखे ओले. आकाश कोरडं आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर

ते होडीत गेल्यावर मी धक्क्यावर जाऊन भास्कर गुरुजींना फोन लावला. सगळं सांगितलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, वहिनी, गोत्र कोणतं लावलंत? मी म्हटलं, माहीत नव्हतं म्हणून काश्यप. मग म्हणाले, तुमच्या घराचं गोत्र कोणतं?

काश्यप.

मला हे सुचलंच नाही. रोज संकल्पात म्हणतो ते.

गुरुजी म्हणाले, परक्याला दारात वाढायचं असतं, तुम्ही नाव-गोत्र लावून पंगतीत बसवलंत, यजमानाच्या पाटावर. आता तो पाहुणा नाही, घरचा झाला. उपाय ग्रंथात बघावा लागेल, दोन दिवस द्या.

दुपारी फ्राउ श्टाडलरकडे गेले आणि मी काय केलं ते मोबाइलमध्ये बोलले. तिने मशीनचं बोलणं पूर्ण ऐकलं. मग ओट्याला धरून खाली बसली. तिने सांगितलं ते लिहिते.

कोर्बिनियान तिचा बाप. ह्या तळ्यावरचा कोळी होता. एका सकाळी बायकोला आणि दोन मुलींना त्याने होडीत घेतलं. मध्यावर गेल्यावर मापाची पट्टी काढली. आधी बायको. एक फटका, मग सुरी. मग थोरली, सात वर्षांची. धाकटीला पट्टीवर झोपवलं, मापलं, आणि काठावर आणून सोडून दिलं. मापाला कमी होती. ती धाकटी म्हणजे फ्राउ श्टाडलर. बाप परत पाण्यावर गेला आणि होडीतून उतरला, जिन्यावरून उतरावं तसा.

म्हणून दिवा नाही.

तिने मला विचारलं नाही, तू असं का केलंस. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. म्हणाली, उद्या सकाळी दोघांना स्टेशनवर सोडते. उद्या निघतोच आहोत, म्हणून प्रणवला फोन केला नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

जाणं झालं नाही. सकाळी फ्राउ श्टाडलरच्या तिन्ही शेळ्या वाटेवर पडलेल्या. एका ओळीत, तोंडं तळ्याकडे. प्रत्येकीची कवटी डोळ्यांच्या वर आत गेलेली, छातीत एकच भोक. तिच्या गाडीची चाकं कापलेली.

तिने पोलिसांना बोलावलं. दोन तरुण पोरगे आले. हे त्यांच्याशी इथल्या डोंगरी बोलीत बोलले. फ्राउ श्टाडलरचा चेहरा तो आवाज ऐकून पांढरा पडला. तिघे पुरुष कशावर तरी हसले. पोरांनी कागदावर लिहून घेतलं आणि गेले. बहात्तर वर्षांचा बारीक, चष्मेवाला पाहुणा, तो शेळ्या कशाला मारेल.

ती म्हणाली, तू एकटी चालत निघ, आत्ताच, गाव सात किलोमीटर आहे. मी म्हटलं, ह्यांना सोडून कशी जाऊ. ती म्हणाली, माझी आईही हेच म्हणायची.

परत आले तर माझा मोबाइल ओट्यावर होता. सोट्याने मारलेला. आणि मधोमध सुरी खुपसलेली.

बुधवार, १७ सप्टेंबर

एकादशी. उपास.

सकाळी हे आले होते. हे म्हणजे आमचे हे. मी देवांपुढे बसले होते, मागे हाक आली, अगो. आवाज ह्यांचा, थकलेला. वळून पाहिलं तर डोळेही ह्यांचे. म्हणाले, मला खाली ठेवलंय, फार थंड आहे, मासे तोंडाशी येतात. मी हात धरला. बर्फ. म्हणाले, गुरुजींना विचार कसं वर यायचं. म्हणाले, पोरीला आणू देऊ नको. मग मान एकदम मागे गेली, कुणी केसांना धरून ओढावी तशी, आणि बोलणं बंद.

म्हणजे हे आहेत. अजून आहेत. हे लिहून ठेवते, कुणी मला वेड लागलं म्हणेल तर.

दुपारी तो मापाची पट्टी घेऊन आला. माझा हात पट्टीवर ठेवला, मग पाय, मग मला जमिनीवर आडवं केलं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत पट्टी पुढे पुढे सरकवत मापलं. मान हलवली. मग फ्रीजवर लावलेला अन्वीचा फोटो काढला, शाळेचा, आणि त्याच्यावर पट्टी धरली. मला मराठीत विचारलं. मराठीत. म्हणाला, अन्वी केवढी झाली?

मी म्हटलं, लहान आहे. फार लहान आहे.

म्हणाला, शनिवारी बघू.

ह्यांच्याबद्दल लिहिताना वर 'तो' लिहिलं गेलं आहे. खोडत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

उजव्या पायाचा घोटा मोडला आहे. साडी फाडून बांधला. लिहिते तेवढं लिहिते.

सकाळी तो होडीत होता, लांब, मध्यावर. फ्राउ श्टाडलर आली. माझा हात धरला. चल म्हणाली. मोबाइल नव्हता तरी कळलं. मी निघाले. शेवटी निघाले — पोरीसाठी. तिला खुणेने म्हटलं, आधी तुझ्या घरी जाऊन प्रणवला फोन करू. तिने मान हलवली, खुणांनी दाखवलं: तार कापलेली आहे, मोबाइल तळ्यात आहे. मग वाटेला लागलो. ऊन पडलेलं. गाईंच्या घंटा वाजत होत्या.

पहिल्या वळणावर तो उभा. होडी तिकडे तळ्यात तशीच, रिकामी. अंगातून पाणी गळत होतं. पायाखाली डबकं.

फ्राउ श्टाडलर माझ्यापुढे झाली. त्याच्याशी बोलली. एकच शब्द पुन्हा पुन्हा, पापा. सदुसष्ट वर्षांची बाई, पापा म्हणत होती. त्याने तिच्या गालाला हात लावला. मला वाटलं — मला क्षणभर वाटलं, बाप आहे शेवटी. त्याने खिशातून पट्टी काढली. तिच्या खांद्याला लावली. हसला.

एक फटका. आवाज नारळ फुटल्याचा. ती गुडघ्यावर आली, डोळे उघडे, माझ्याकडे. मग सुरी. तो तिला हळूच आडवी करत होता, मान जपून. वाटेवरचं रक्त बुटाने मातीत मिसळलं.

मी पळाले. सदुसष्टाव्या वर्षी जेवढं पळता येतं तेवढं. त्याने केसांना धरून ओढत आणलं. दारात सोटा घोट्यावर मारला. एकदा. हाड बाहेर दिसतं.

मला मारलं का नाही, ते मला कळलं आहे. शनिवारी दारात आजी दिसली पाहिजे. नाहीतर पोर गाडीतून उतरायची नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सकाळ. रात्री सरपटत जिना चढले, वरच्या खोलीत आहे. दार आतून लावून खाली बसून पाठीने कपाट ढकललं आहे. रात्रभर जिना ओला होत होता — दाराखालून पाणी आत आलं.

ही पानं वहीतून फाडून तुला पाठवते, प्रणव. पत्ता तुझाच. अन्वीला चित्रं पाठवायला घेतलेली तिकिटं डकवली आहेत. खिडकीखाली रस्ता आहे, फाटक आहे. टपालवाली बाई दहाच्या सुमारास पिवळ्या गाडीतून येते, पोरसवदा आहे, वेणी घालते, परवा मला हात केला होता. पाकिटाला पूजेची घंटा बांधली आहे — खाली पडली की तिला ऐकू जाईल. आज गेलं तर उद्या सकाळी तुझ्या हातात. तुम्ही निघायच्या आधी. आधीच. देवा, आधीच.

येऊ नका. कुणी नका येऊ. फोनवर माझा आवाज आला, ह्यांचा आवाज आला, तरी येऊ नका. ह्यांचा आवाज तो काढतो. मघाशी खालून हाक मारली, अगो, चहा झाला. अगदी — अगदी तसंच. मी उठले होते. उठलेच होते.

देवश्रीला सांग मी तिच्यावर रागावले नव्हते कधी. हिशेबाच्या वहीवरून बोलले होते तेवढंच.

प्रणव, चूक माझी आहे. ह्यांची नाही. ह्यांनी नुसते मी वाचले ते शब्द म्हटले. ह्यांना शिव्या देऊ नकोस — लोक काही म्हणतील, पेपरात काही येईल — त्या बाईला तुझ्या बाबांनी मारलेलं नाही. हात त्यांचे होते.

पहाटे एकदा — कपाटाला पलीकडून कुणी टेकून बसलं होतं. रडत. अगो, मी वर येतोय, पण मला खाली ओढतायत. मी कपाटाला गाल लावला. आम्ही दोघं तसेच बसलो. मग पलीकडे हसू.

कपाट हललं आता. नाही. वारा.

नाही, वारा नाही. तो जिना उतरला. खिडकीतून दिसतोय. अंगणात आहे. स्वेटर घातलाय, मी विणलेला, राखाडी. केस विंचरलेत. सोटा मागे, कमरेला.

गाडीचा आवाज. पिवळी. दहाला पाच कमी आहेत. लवकर आली आज —

मी काच वाजवते आहे. तिच्या कानात गाणं लावलेलं आहे. त्याने फाटक उघडून धरलं. वाकून नमस्कार करतोय. ती हसतेय —

टाकते आता. लगेच भास्कर गुरुजींना वेंगुर्ल्याला फोन कर. विचार, गोत्र लावून दिलेला पिंड परत कसा घ्यायचा, ज्याला घरचा केला त्याला परका कसा करायचा, आणि ज्याची जागा त्याने घेतली त्याला पाण्यातून वर कसं आणायचं. काय करायचं ते मला उलट टपाली कळव. फक्त पत्र आणणाऱ्या बाईला सांग, फाटकाच्या आत —